कुंभाराच्या अंगणातला राजा



पाडव्याला आपण गुढी उभारतो, कडुलिंबाचा पाला चावतो आणि नवं पंचांग उघडतो. त्या पंचांगावर ‘शालिवाहन शके’ असं छापलेलं असतं. लग्नपत्रिकेतसुद्धा हाच शक येतो. पण हा शालिवाहन कोण, असं नातवानं विचारलं तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? तेव्हा आज त्याचीच गोष्ट. ही गोष्ट छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पैठणची आहे.

पैठणचं जुनं नाव प्रतिष्ठान. तिथे गोदाकाठी एका कुंभाराच्या घरी एक निराधार ब्राह्मण बाई राहत होती. गोदावरीच्या डोहातल्या शेषनागापासून तिला मुलगा झाला, असं कथा सांगते. घर दुसऱ्याचं, बापाचं नाव लावायची सोय नाही. पोरगा कुंभाराच्या अंगणात मातीचे हत्ती, घोडे, शिपाई करून खेळायचा आणि सवंगड्यांत राजा व्हायचा.

त्या काळात एक म्हातारा चार मुलांना सांगून गेला, “माझ्या पलंगाखाली चार मडकी पुरली आहेत. थोरल्यापासून एकेक घ्या आणि भांडू नका.” मुलांनी उकरून पाहिलं. एकात सोनं, दुसऱ्यात काळी माती, तिसऱ्यात भुसा, चौथ्यात हाडं! झालं, भावाभावांत जुंपली. थोरला सोनं सोडीना, बाकीचे ऐकेनात. उज्जैनीच्या विक्रम राजाच्या दरबारातही या वाटणीचा उलगडा होईना. फिरत फिरत ते पैठणला आले. कुंभाराच्या अंगणातलं ते पोर म्हणालं, “यात अवघड काय आहे? सोनंवाल्यानं सोनं घ्यावं. मातीवाल्यानं शेतं घ्यावीत. भुसावाल्याची सारी कणगी, सारं धान्य. आणि हाडंवाल्याचा गोठा, सगळी जनावरं.”

भावांचं समाधान झालं. पण लहान तोंडी मोठा घास विक्रमाला कसा रुचावा? त्यानं पोराला बोलावणं धाडलं. पोर गेलं नाही. मग विक्रम फौज घेऊन पैठणवर चालून आला. तेव्हा शेषनागाच्या कृपेनं मातीचे शिपाई जिवंत झाले, मातीचे घोडे खिंकाळले आणि कुंभाराकडे वाढलेलं पोर पैठणचं राजा झालं. तोच शालिवाहन. नर्मदेच्या उत्तरेला विक्रमाचा संवत चालावा आणि दक्षिणेला शालिवाहनाचा शक, असं तेव्हा ठरलं म्हणतात.

ही कथा सिंहासनबत्तिशीत आहे, आणि चौदाव्या शतकातल्या जिनप्रभसूरी या जैन मुनींनीही ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात प्रतिष्ठानच्या वर्णनात ती सांगितली आहे. तपशील थोडे इकडचे तिकडे होतात, एवढंच.

आता खरं-खोटं पाहू. विक्रम संवत इसवी सनापूर्वी ५७ सालचा आणि शालिवाहन शक इसवी सन ७८ चा. दोन्हींत १३५ वर्षांचं अंतर! मग ज्यांच्या नावे ही गणती चालते, ते दोघे एका रणांगणावर भेटणार कसे? शकाला शालिवाहनाचं नावही पुष्कळ शतकांनी चिकटलं. पण पैठणला सातवाहनांची राजधानी होती, हे पक्कं. त्यांचा गौतमीपुत्र सातकर्णी आईच्या नावानं ओळखला जाई. त्यानं नहपान राजाचा पाडाव केला आणि नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर आपला ठसा उमटवला. तशी हजारो नाणी १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला सापडली. पैठणच्या पांढरीतही सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती निघालेल्या आहेत. मातीच्या शिपायांची गोष्ट त्या गावात रुजली, यात नवल ते काय!

पण मला विचाराल तर ते पोर राजा झालं ते लढाईच्या दिवशी नाही, वाटणीच्या दिवशीच. दरबारातल्या शहाण्यांनी मडक्यात पाहिलं. पोरानं घर, शेत, कणगी आणि गोठा पाहिला. कुंभार मातीत राख, लीद, भुसा मिसळतो. त्याच्या घरी वाढलेल्याला माती आणि भुसा कधी टाकाऊ वाटेल का?

आणखी एक खोच पाहा. शेतवाल्याला भावाचे बैल लागणार, बैलवाल्याला शेतातला कडबा, सोनंवाल्याला दोन्ही वेळचं धान्य. वाटण्या झाल्या तरी एकमेकांवाचून कुणाचं चालणार नाही. आपण मात्र वितभर बांधासाठी सख्ख्या भावाशी बोलणं टाकतो आणि कोर्टाच्या खेपा घालून पीक वकिलाला देतो.

म्हाताऱ्याची एक चूकही झाली. त्यानं मनातलं कोड्यात पुरून ठेवलं. वडीलधाऱ्यांनो, तुम्ही तसं करू नका. हातपाय धड आहेत तोवर सगळ्यांना समोर बसवून बोला. मृत्युपत्र करायचं तर साध्या भाषेत लिहा आणि निदान दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. आणि कथेत नसलेली लेक विसरू नका. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. महाराष्ट्रानं तो कायदा १९९४ साली केला आणि २००५ साली तो साऱ्या देशाला लागू झाला. भाऊबीजेला ओवाळून घ्यायचं आणि सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव हळूच उतरवायचं, हे शालिवाहनाच्या मुलखात शोभत नाही.

येत्या पाडव्याला पंचांग उघडाल तेव्हा मुलांना ही चार मडक्यांची गोष्ट सांगा, आणि उत्तर आधी त्यांनाच विचारा. कुणी सांगावं, तुमच्याही अंगणात एखादा शालिवाहन मातीचे घोडे करत बसला असेल.