सही नाही म्हणून उपचार थांबतो तेव्हा

आई-बाप ऊसतोडीला कर्नाटकात, लेकरू गावी आजीजवळ. किंवा आई-बाप बलांगीरहून तेलंगणातल्या वीटभट्टीवर आणि पोरगी वसतिगृहात. अशा लेकराचं अपेंडिक्स फुटतं आणि दवाखान्यात उत्तर मिळतं, "आईवडिलांची सही आणा, मग बघू." रात्री फोन येतो तो घरातल्या एकुलत्या एका पदवीधराला. म्हणजे तुम्हाला. म्हणून हे आधीच माहीत असू द्या.

मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते, हे खरं. पण जीव धोक्यात असेल आणि पालकांची परवानगी वेळेत मिळणं शक्य नसेल, तर तिच्याविना सद्भावनेने उपचार करणारा डॉक्टर गुन्हेगार ठरत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ९२ मध्ये हे होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३० आहे. कायद्याने तिथे दिलेलं एक उदाहरणच अपघातग्रस्त मुलाच्या शस्त्रक्रियेचं आहे. आणि डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवण्यासाठी तातडीने मदत करणं त्याचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगितलं. तेव्हा वाद घालत बसू नका. "जीवाला धोका आहे का, आणि सहीअभावी थांबलात हे केस पेपरवर लिहून द्या," एवढंच शांतपणे मागा. लिहून द्यायची वेळ आली की बऱ्याचदा मार्ग निघतो. बापाला फोन लागत असेल तर फोनवर विचारून तशी नोंद करायला सांगा.

आई समोर उभी असताना "वडिलांना बोलवा" हाही एक नेहमीचा छळ. गीता हरिहरन खटल्यात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वडील हजर नसतील तर त्यांच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक असते. दारू पिऊन पडलेल्या किंवा परराज्यात असलेल्या नवऱ्यासाठी तिने लेकराला घेऊन ताटकळत का बसावं?

याच्या उलट प्रकार जास्त घडतो, आणि आम्हाला तोच जास्त बोचतो. सही मागितली जाते, पण समजावलं काहीच जात नाही. इंग्रजी फॉर्म, शाईचा पॅड, "इथे अंगठा लावा". आडनाव आणि कपडे बघून ठरतं की समोरच्याला किती सांगायचं. डॉ. आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. डॉक्टरने त्याच्या बाळंतीण बायकोला स्पर्श न करता थर्मामीटर तिसऱ्याच्या हातून दिलं होतं. ती बाई वाचली नाही. आज हात लागतो. बोलणं मात्र अजूनही तिसऱ्यामार्फत चालतं. तो तिसरा म्हणजे आपण.

समीरा कोहली खटल्याने २००८ मध्ये संमतीचा अर्थ स्पष्ट केला: उपचार काय, कशासाठी, धोका कोणता, दुसरा पर्याय आहे का, नकार दिला तर काय होईल, हे पुरेसं सांगितल्यावरच दिलेली परवानगी ती संमती. हे पाच प्रश्न मराठीत, हिंदीत, तेलुगूत, आजीला कळेल त्या भाषेत विचारा. फॉर्म तिला वाचून दाखवा. कोरी जागा असेल तर अंगठा लागण्याआधी ती भरून घ्या, आणि फॉर्मचा फोटो काढून ठेवा.