पाकीटबंद कोंबडी आणि आपले पथ्य

शिजवून पाकीटबंद केलेल्या कोंबडीविषयी रुग्णाने विचारले की आपण वैद्यमंडळी 'शिळे अन्न, वर्ज्य' म्हणून मोकळे होतो. मीही तसेच केले. एकट्या राहणाऱ्या एका कृश वृद्धाने ती सोडली, तो चहा-बिस्किटांवर राहू लागला आणि महिन्याभरात अधिकच खंगला. चरकाचार्यांनी कुक्कुटमांस बल्य, बृंहण व वातहर सांगितले आहे, याचा मला विसर पडला होता!

पर्युषितत्वाचा दोष उरतोच. ताज्या मांसरसाची सर त्यास नाही. तथापि माझ्या मते खरा प्रश्न लवणाचा आहे. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण यांचे अतिसेवन निषिद्ध मानले आहे. जागतिक आरोग्य संघटनाही दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे 2000 मिलिग्रॅमहून कमी सोडियम, अशी मर्यादा सांगते. 2020 च्या नियमांनुसार पाकिटावर सोडियमचा आकडा छापणे बंधनकारक आहे. तो बहुधा 100 ग्रॅममागे असतो आणि रुग्ण अख्खे पाकीट संपवितो. रक्तदाबाच्या रुग्णास हा गुणाकार करून दाखविणे आपले काम. औषधविक्रेत्या बंधूंनाही ते सहज जमेल.

त्या वृद्धास मी आता कमी मिठाची, नुसती उकडलेली कोंबडी वाफ येईपर्यंत तापवून, सुंठ-मिरी घालून, दुपारच्या जेवणात घेण्यास सांगितले आहे. लोणचे-पापड मात्र बंद.