फालशाची छाटणी आणि मे महिन्यातले फाटक

संक्रांत झाली की शाळेच्या मागच्या कुंपणालगतची फालशाची झुडुपे काटक्यांच्या भाऱ्यासारखी दिसू लागतात. यंदा एका पालकांनी सुचवले की ही वाळलेली झाडे काढून तेथे सायकल स्टँड करावे. छाटणी सुरू झाल्यावर दुसऱ्या पालकांचा निरोप आला की शाळा पर्यावरणाचे धडे देते आणि स्वतःच झाडे तोडते. दोन्ही तक्रारींचे उत्तर एकच असल्यामुळे ते येथे देत आहोत.

फालसा वाळलेला नसतो, झोपलेला असतो. आपल्या माळव्यातल्या थंडीत तो पाने टाकतो आणि ऊन तापू लागले की नवी फूट काढतो. त्याची पिवळी फुले आणि नंतरची फळे या नव्या फुटीवरच, पानांच्या बेचक्यात येतात. म्हणूनच संक्रांतीनंतरच्या पंधरवड्यात झुडूप साधारण ३ फुटांवर सरसकट छाटायचे. अगदी जमिनीलगत कापले तर फळ कमी मिळते, आणि मुळीच छाटले नाही तर फांद्या उंच जाऊन फळ मुलांच्या हाती लागत नाही.

हाच नियम डाळिंबाला लावू नये. डाळिंबाचे फळ जुन्या लाकडावरच्या आखूड काड्यांवर धरते, त्यामुळे तेथे बुंध्यातून निघालेले फुटवे आणि सुकलेल्या काड्या एवढेच काढायचे. लिंबाचे पाणसोटही काढायचे, म्हणजे सरळ वर धावणारे, हिरवेगार, लांब काट्यांचे फोक. झाडावरची सर्वांत तरतरीत दिसणारी फांदी कापायची, हे सातवीच्या मुलांना काही केल्या पटत नव्हते. ती फांदी फळ न देता अन्न खाते, हे समजावण्यात एक पूर्ण तास गेला. तो तास वाया गेला असे आम्ही मानत नाही.

अंगठ्याहून जाड फांदी कापली तर जखमेला बोर्डो पेस्ट लावावी. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून एकत्र करायचे, पाणी सगळे मिळून १ लिटर. लोखंडी भांडे चालत नाही. मोरचूद विषारी आहे, तेव्हा हे काम शिक्षकांचे. घरी कोणी करणार असेल तर मोठ्यांनीच करावे. त्यानंतर आळी मोकळी करून कुजलेले शेणखत घालायचे आणि पाणी द्यायचे. आपली काळी माती ओल धरून ठेवते. बोटभर खोल माती ओली लागली तर त्या दिवशी पाणी नको.

‘आळे’ हा शब्द मुलांना ठाऊक नव्हता, ती ‘थाला’ म्हणत होती. आमचेही शिक्षण हिंदीतून झालेले. ‘पाणसोट’ हा शब्द आम्हाला नातीला शाळेत सोडायला येणाऱ्या, मूळच्या विदर्भातल्या एका आजोबांनी दिला. तेथे संत्र्याच्या बागांत तो रोजचा आहे. मराठीचा तास वाढवा अशी मागणी आपल्याकडे दरवर्षी होते. आमच्या मते असे शब्द फळ्यापेक्षा कात्रीबरोबर लवकर येतात.

आता मुख्य मुद्दा. पुढील वर्षापासून छाटणी ठेक्याने माळ्याला द्यावी, असा विचार विश्वस्तांपैकी काहींनी मांडला आहे. वार्षिक परीक्षा जवळ आल्या, मुलांचा वेळ का घालवायचा? माळी हे काम एका सकाळी उरकेल, यात शंका नाही. दहावी-बारावीच्या मुलांना आम्हीही बोलावत नाही. पण सहावी-सातवीच्या मुलांनी चार दिवस रोज एक तास दिला तर परीक्षा बुडत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्हाला खरी खटकते ती वेगळीच गोष्ट. फालसा पिकतो एप्रिलअखेरपासून, म्हणजे नेमका सुट्टीत. फळ वाटाण्याएवढे, रोज थोडे थोडे पिकणारे, आणि तोडल्यावर एक-दोन दिवसांत खराब होणारे. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत ते राखून ठेवता येत नाही. जानेवारीत हात खरचटून घेतलेल्या मुलांना मे महिन्यात फाटकाला कुलूप दिसते आणि फळ पोपट खातात. पोपटांबद्दल आमची तक्रार नाही. कोणी म्हणतात, फालसा काढून करवंद लावा, ते पावसाळ्यात, शाळा भरल्यावर येईल. करवंद जरूर लावू, पण शाळेच्या वेळापत्रकासाठी चांगले धरते झाड उपटायचे, हे आम्हाला मान्य नाही.

कुलूपच उघडावे. मे महिन्यात मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ७ ते ८ मागचे फाटक उघडे ठेवावे, एक शिक्षक हजर राहावेत आणि त्यांना बदली रजा मिळावी. छाटणी केलेल्या मुलांना पहिला मान, उरले ते चौकीदारांच्या घरी आणि शेजारच्या मुलांना. त्याच तासात झाडांना पाणीही होईल, कारण मे महिन्यातल्या उन्हात फळ भरायला पाणी लागतेच. खर्च मागच्या नळाच्या दुरुस्तीपुरता.

विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत हा प्रस्ताव आम्ही ठेवणार आहोत. ज्या पालकांची संमती असेल त्यांनी पाल्याच्या डायरीत तसे लिहून द्यावे. मुलांनी येताना डबा आणावा. पिशवीत फालसा चेपून जातो आणि त्याचा डाग कपड्यावरून निघत नाही.