उंबऱ्याबाहेरचे पाणी



अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले रोहिणखेड इतिहासात १४३७ आणि १५९० च्या लढायांसाठी परिचित आहे. आमच्या वाड्याची लढाई मात्र दर पावसाळ्यात होई आणि ती पाण्याशी असे. अंगणाचा उतार वाड्याकडे. त्यामुळे मोठी सर आली की पाणी पायऱ्यांवरून थेट तळघरात उतरे. पूर्वी तेथे धान्य असे. अलीकडे वडिलांच्या हिशेबाच्या वह्या होत्या. गतवर्षी त्यांतील एक पेटी भिजली आणि वडिलांच्या वळणदार अक्षराचा लगदा झाला. पंपाने पाणी उपसता आले. अक्षर परत आले नाही.

बँकेतील नोकरीने एक गोष्ट शिकविली होती : कर्ज थकल्यावर वसुलीमागे धावण्यापेक्षा ते थकू न देणे केव्हाही स्वस्त. तोच न्याय पाण्याला लावला. आमचे अंगण २०० चौरस मीटरचे. तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर त्यावर ५,००० लिटर, म्हणजे २०० लिटरचे २५ पिंप पाणी साचते. ते दाराशीच अडविले पाहिजे.

गवंड्याने पायऱ्यांच्या आधी, अंगणाच्या पूर्ण रुंदीत आडवी नाली खोदली. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून तळाशी मुरूम ठोकून वर काँक्रीट केले. दर मीटरला एक सेंटिमीटर उतार पाण्याच्या नळीने मोजून घेतला. वर उचलता येणारी लोखंडी जाळी बसविली आणि टोकाला गाळ साचण्यासाठी छोटी कुंडी बांधली. ही नाली केवळ वरून वाहत येणारे पाणी थोपविते; भिंतीतून पाझरणाऱ्या ओलीवर ती उपाय नव्हे, हे ध्यानात असावे.

नालीचे तोंड शेजारच्या बोळात सोडायचे ठरले होते. तेवढ्यात शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुमचं तळघर कोरडं होईल, पण आमच्या मातीच्या भिंतीचं काय?” मी निरुत्तर झालो. आयुष्यभर ताळेबंद तपासले, पण आपली जमा दुसऱ्याच्या नावे टाकली जात आहे, हे माझ्याच अंगणात मला दिसले नव्हते. काळ्या मातीत शोषखड्डाही फारसा उपयोगी पडत नाही. अखेर ग्रामपंचायतीला विचारून रस्त्याच्या गटारापर्यंत बंद पाइप नेला. खर्च जवळपास दीडपट झाला.

यंदा आषाढात मोठी सर कोसळली, तेव्हा मी कंदील घेऊन तळघरात उतरलो. फरशी कोरडी होती. वर येऊन पाहिले, तर वहिनीही आपली भिंत हाताने चाचपीत उभ्या होत्या. त्यांनी मान हलविली. तीही कोरडीच होती.

नाली बांधून काम संपत नाही. मृगापूर्वी जाळी उचलून गाळ काढावा आणि पाणी शेवटी कोणाच्या दारी जाते, हेही पाहून यावे.