बोजारा आणि मजुरी

श्रावणी अमावास्येला पैनगंगेकाठच्या देऊळघाटात, बुलढाणा जिल्ह्यातील इतर गावांप्रमाणेच, पोळा भरतो. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी होते. सणाच्या दिवशी शिंगांना बेगड, पाठीवर झूल आणि पुरणपोळीचा पहिला घास बैलाला. मग सालगडी सजविलेली जोडी दारोदार फिरवितो आणि घरधनी खुशीने त्याच्या हातावर काही ठेवतो. याला बोजारा म्हणतात. ज्याच्या खांद्यावर वर्ष निघाले त्याची आठवण ठेवणारा हा सण आहे. त्याची थट्टा करण्याचे पुरोगामी म्हणविणाऱ्यांनाही कारण नाही.

परंतु बोजारा म्हणजे मजुरी नव्हे. साल गुढीपाडव्याला ठरते आणि ठरतानाच घेतलेली उचल वर्षभर गड्याच्या मानेवर बसते. किमान वेतनाचा कायदा या देशात १९४८ साली झाला; तरी सालाच्या रकमेला दिवसांनी भागून पाहण्याचा उपद्व्याप गावात कोण करतो? अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात कृतज्ञतेला रकाना नाही, हे त्या शास्त्राचे वैगुण्य खरे. पण व्यवहारात तिला मजुरीच्याच रकान्यात बसविले जाते, हे अधिक वाईट. बैलाला हिशेब मागता येत नाही. गड्याने मागितला की तो कृतघ्न ठरतो!

हीच रीत सरकारनेही उचलली आहे. २०२४ साली राज्यातील गरीब स्त्रियांना दरमहा १५०० रुपये देण्याची योजना आली. रक्कम जावी, यात वाद नाही. वाद आहे तो तिला भावाची ओवाळणी म्हणण्याशी. करदात्यांच्या तिजोरीतून जाणारा पैसा कोणा भावाच्या खिशातला कसा? नागरिकाचा ‘लाभार्थी’ झाला की त्याने मेळाव्यात बसून आभार मानणे ओघानेच आले.

याच महाराष्ट्राने एकदा हे नाते उलटे मांडले होते. १९७२ च्या दुष्काळात लाखो हात खडी फोडीत होते. त्या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. भत्ता क्षुल्लक होता, दिवसाला किमान एक रुपया. पण तो मागता येत होता. आणि पैसा कोठून? १९७५ च्या कायद्याने शहरातील पगारदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, तितकीच भर राज्याने घालावयाची होती. शहरात हल्ली रोज रात्री वहीत आभाराच्या ओळी लिहिण्याचा परिपाठ सांगितला जातो. ताटातील तुरीच्या वरणाचे ऋण त्या वहीपेक्षा या कराच्या पावतीने अधिक फेडले, कारण ते देताना मजुराला कोणापुढे वाकावे लागले नाही.

आपल्या कार्यकर्त्यांचेही येथे चुकते. मोर्चा यशस्वी झाला, रेशनकार्ड निघाले, की सभेत ‘आम्ही मिळवून दिले’ हे वाक्य येते. हार येतो, आणि तो गळ्यात घालूनही घेतला जातो. उन्हात दिवसभर उभ्या राहिलेल्या बाया त्या वाक्यात कोठेच नसतात. त्या दिवशीची रोजंदारी बुडवून त्या आल्या होत्या. ऋण असलेच तर ते त्यांचे आहे.

देऊळघाटसारख्या गावात येत्या पोळ्याआधी प्रत्येक सालगड्याच्या वहीत सालाची रक्कम, उचल आणि किमान वेतन हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडून देणारा कार्यकर्ता हवा आहे. बोजारा घरधन्याने खुशाल द्यावा, मजुरी चुकती केल्यावर.