क्षयी गाय बाजारात का येते?

जनावरांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याने गोवंशीय क्षयाचा समावेश अनुसूचित रोगांत केला. रोगी जनावराची खबर देणे, ते वेगळे बांधणे आणि बाजारात न आणणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. नियम रास्त आहे. पण तो पाळणाऱ्याच्या पदरी काय पडते? क्षयी गाय दीर्घकाळ धडधाकट दिसते, दूधही देते. खबर दिली तर तिला गिऱ्हाईक उरत नाही. मौन पाळले तर आठवडे बाजारात पुरती किंमत येते. मग रोग एका दावणीवरून दुसऱ्या दावणीला जातो आणि कच्च्या दुधावाटे माणसांतही शिरतो.

ऑस्ट्रेलियाने १९७० पासून चाचणी, वाहतुकीवर निर्बंध आणि भरपाईसह कत्तल यांच्या बळावर १९९७ मध्ये रोगमुक्ती साधली. गोहत्याबंदी असलेल्या महाराष्ट्रात तो मार्ग बिकट आहे. म्हणूनच रोगी जनावर विकत घेऊन अलग सांभाळण्याचा भार शासनाने उचलला पाहिजे. २०२२ च्या लम्पीच्या साथीत मृत दुधाळ गायीमागे ३० हजार रुपये देण्यात आले. मेलेल्या गायीचे मोल देणाऱ्या शासनाने जिवंत रोगी गायीचेही मोल द्यावे. एरवी बाजाराच्या वेशीवरील मनाई कागदावरच राहील.