‘प्रभात’चा वारसा कोणी जपावयाचा?

परभणीत अर्थशास्त्र शिकविताना विद्यार्थी कधी कधी विषयाबाहेरचे प्रश्न विचारतात. ‘प्रभात’ फिल्म कंपनी कोणी काढली? ती बुडाली कशी? तिचे चित्रपट आज कोठे आहेत?

पहिले उत्तर सोपे आहे. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांनी १९२९ साली कोल्हापुरात ती स्थापिली. १९३३ मध्ये ती पुण्यास आली. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले आणि १९५३ मध्ये कंपनी बंद झाली. तिच्याच आवारात १९६० पासून चित्रपट शिक्षणाची सरकारी संस्था आहे.

तिसरे उत्तर मात्र अस्वस्थ करणारे आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली निघाले, म्हणजे ‘प्रभात’ बंद पडून अकरा वर्षे लोटल्यावर. पुढे २००३ मध्ये त्याच आवारातील आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला.

येथे अर्थशास्त्र विषयाबाहेर राहत नाही. मोडीच्या बाजारात जुन्या फितीतील चांदीला भाव मिळतो, तीवरील चित्राला मिळत नाही. कंपनी बुडाली की तिच्या दप्तराचा वाली कोण? बाजार हे काम करणार नाही; ते समाजाचेच होय.

म्हणूनच संग्रहातील चित्रपटांची मराठी सूची व पाहण्याजोग्या प्रती जिल्हा ग्रंथालयांपर्यंत पोहोचल्या पाहिजेत. परभणीच्या विद्यार्थ्याला उत्तरासाठी पुणे गाठावे लागत असेल, तर वारसा जपला असे कसे म्हणावे?